मॉस्कोत चार वेळा नापास झालेल्या बाई

कुणीही नवा माणूस भेटला की बाई नाव सांगायच्या आधी एक गोष्ट सांगायच्या. "मी मॉस्कोत ड्रायव्हिंगच्या परीक्षेत चार वेळा नापास झाले." समोरचा बिचारा गोंधळायचा. "अरेरे" म्हणावं की हसावं ते त्याला कळायचं नाही. मग बाई मान ताठ करून म्हणायच्या, "पाचव्यांदा पास!" आणि असं बघायच्या की जणू आता टाळ्या पडायला हव्यात.

मी त्यांच्याकडे फरीदाबादला तीन वर्षं ड्रायव्हर होतो. त्याआधी एकतीस वर्षं दिल्लीत सरकारी गाडी चालवली. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, मी बदललो नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. पण हे मी स्वतः लिहितोय, कुणाकडून लिहून घेत नाही. नातीनं फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलंय. तीही मधेच विचारते, "आजोबा, कोपर म्हणजे कोहनीच ना?" दिल्लीत वाढलेली पोर, तिचं तरी काय चुकलं.

बाई मूळच्या पुण्याच्या. यजमान इंजिनियर, त्यांच्या कामामुळे अठरा वर्षं मॉस्कोत काढलेली. यजमान गेल्यावर बाई एकट्या परतल्या आणि यजमानांनी पूर्वी इथं घेऊन ठेवलेल्या फ्लॅटमध्ये राहू लागल्या. मुलगी बंगळुरूला, बाईही आता तिकडेच असतात. वयानं त्या माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान असतील, म्हणून मला काका म्हणायच्या. नोकरी देताना त्यांनी एकच अट सांगितली. "हे बघा काका, माझा इथला परवाना होईपर्यंतच तुम्ही. पाच-सहा महिने. नंतर मी स्वतः चालवणार."

मी म्हटलं, बिल्कुल. मनात म्हटलं, बघू. कारण सहासष्ट वर्षांच्या ड्रायव्हरला कोण ठेवतो? चार सोसायट्यांतून वय विचारून परत पाठवलं होतं मला. घरी मुलगा-सून चांगली आहेत, पण घरात बसलं की माणूस भाजीच्या पिशवीसारखा दाराला लटकलेला असतो. कुणी काढलं तर उपयोग, नाही तर तिथंच. तेव्हा त्या बाईंचा परवाना जितका उशिरा होईल तितकं माझं बरं, हे मी पहिल्या दिवशीच ओळखून होतो. लपवून काय करायचं.

बाई मागच्या सीटवर कधी बसल्या नाहीत. पुढं, माझ्या शेजारी, पट्टा लावून, मांडीवर वही आणि कानाला शिसपेन. वहीत माझ्या चुका. एकतीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही आणि ही बाई लिहितेय, 'काकांनी पिवळ्या दिव्यात गाडी घातली.' मी म्हणायचो, "बाई, पिवळ्यात थांबलो तर मागचा आपल्या डिकीत येऊन बसेल." त्या तेही लिहायच्या.

सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे झेब्रा. मॉस्कोत म्हणे माणसानं त्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवला की गाडी थांबते. नाही थांबली तर दंड. बाईंचा हुकूम होता की आपणही थांबायचं. एकदा बाटा चौकाच्या अलीकडे एक म्हातारे सरदारजी पट्ट्यांपाशी उभे होते. मी थांबलो. सरदारजींनी हात केला, "निकलो जी, निकलो." बाईंनी काच खाली करून हात केला, "आप जाइए." सरदारजी म्हणाले, "नहीं जी, पहले आप." बाई म्हणाल्या, "आपका हक है!" मागं हॉर्नचा असा गजर सुरू झाला की वरातीत बँड कमी वाजेल. सरदारजींना वाटलं, आपल्याला कसल्या तरी भानगडीत अडकवतायत. ते चक्क मागं फिरले आणि आले तिकडं निघून गेले. बाईंनी वहीत लिहिलं, 'पादचाऱ्यांनाही शिकवावं लागेल.'

दुसरं प्रकरण नंबरप्लेटीचं. तिकडं थंडीत रस्त्यावर चिखल आणि मीठ. नंबर वाचता आला नाही की पोलीस काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडका वर करून गाडी बाजूला घेतो. अठरा वर्षांची ती सवय बाईंच्या हाडात गेलेली. रोज सकाळी पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन त्या आमच्या गाडीची प्लेट पुसायच्या. तिथवर ठीक होतं. पण सिग्नलला थांबलो की खाली उतरून पुढच्या गाडीचीही पुसायच्या! एक दिवस पुढं पोलिसांची जीप. मी म्हटलं, "बाई, नको." तोवर बाई उतरलेल्या. पाणी मारून, घासून, चकाचक.

जीपमधून हवालदार खाली आला. "माताजी, ये क्या कर रही हो?"

"तुमचा नंबर दिसत नव्हता," बाई मराठीतच म्हणाल्या. रागावल्या की त्यांना हिंदी सुचत नसे. मग सावरून म्हणाल्या, "नंबर नहीं दिखता था. रूस में आपको ही जुर्माना होता."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. दिवा हिरवा झाला होता, पण चौकातलं कुणीच हलेना. शेवटी हवालदार म्हणाला, "आगे वाली भी कर दो." जीपच्या मागच्या बाजूला बाईंनी आधीच पुसलं होतं, पुढची राहिली होती. तीही पुसून झाल्यावर त्यानं सॅल्यूट ठोकला. बाईंनीही उलट ठोकला. त्यानंतर तो आम्हाला चौकात कधी भेटला की आपणहून प्लेटीकडे बोट दाखवायचा.

रशियात सगळे संत होते असं मात्र बाई कधी म्हणाल्या नाहीत, हे सांगायला हवं. तिकडचे पोलीसही झुडपामागं लपतात, समोरून येणारे ड्रायव्हरही दिवे लुकलुकवून एकमेकांना सावध करतात, आपल्या मथुरा रोडवर करतात तसंच. "लपण्यात आणि चुगली करण्यात दोन्ही देश सारखे," त्या म्हणायच्या. तिकडं जवळजवळ प्रत्येक गाडीत काचेवर कॅमेरा असतो, कारण अपघात झाला की जो तो दुसऱ्याला खोटं पाडतो. बाईंनी आमच्याही गाडीत तो बसवला. रविवारी दुपारी त्या आठवडाभराचं रस्त्याचं चित्र टीव्हीवर लावून बसायच्या. माझ्या तोंडून रिक्षावाल्यांना गेलेले शब्दही त्यात यायचे. सोमवारी मला विचारायच्या, "काका, हा तिसरा शब्द कुठल्या भाषेतला?" मी म्हणायचो, "हरियाणवी." तो मराठी होता.

आता परवान्याचं. कुठल्या कचेरीत गेलो ते लिहीत नाही, कुणाच्या पोटावर पाय नको. बाहेर एजंटांची रांग. पहिलाच म्हणाला, "मॅडम, आप बस घर बैठो." बाई म्हणाल्या, "मग परीक्षा कोण देणार?" त्याला तो प्रश्नच कळला नाही.

डॉक्टरच्या दाखल्यावरही भांडण. डॉक्टरनं मान वर न करता सही केली. बाई म्हणाल्या, "माझे डोळे तरी बघा! तिकडं तर मानसोपचारवाल्याकडेही पाठवतात."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, इथं तसं पाठवलं तर दिल्लीचे रस्ते मोकळे होतील." त्या इतक्या हसल्या की जिन्यावर बसल्या.

लर्निंग परवाना आला आणि मी शेजारी बसून बाईंना चालवायला देऊ लागलो. रोज सकाळी चावी घेऊन त्या थेट डाव्या दारानं आत शिरायच्या, कारण रशियात स्टिअरिंग डावीकडे. समोर स्टिअरिंग नाही हे दिसलं की शांतपणे डॅशबोर्डचा कप्पा उघडून रुमाल काढायच्या, जणू त्यासाठीच आल्या होत्या. मग उतरून उजवीकडे जायच्या. मी बाहेर बघत राहायचो. मोठ्या माणसाला लाज वाटू द्यायची नसते.

हात त्यांचा उत्तम होता, खोटं कशाला बोलू. गर्दीत तर माझ्याहून थंड. पुढच्या गाडीच्या मागं निमूट जायच्या. गडबड व्हायची ती रस्ता रिकामा असला की. वळण घेतलं, समोर कुणी नाही, की गाडी हळूच उजवीकडे सरकायची. रशियात सगळं उजवीकडून. मी ओरडायचो, "डावीकडे! बाई, डावीकडे!" आणि त्या रागानं, "माहितेय मला!" माहीत सगळ्यांना असतं हो. हाताला माहीत नसतं.

परीक्षेचा दिवस. एका शेडखाली खुर्चीवर साहेब बसलेले, समोर रिकामं मैदान, त्यात चुन्यानं आखलेले रस्ते. बाईंनी गाडी सुरू केली, दहा पावलं पुढं नेली. साहेब म्हणाले, "बस, हो गया. पास. अगला!"

बाईंनी गाडी बंद केली. उतरल्या. "कसलं पास? तुम्ही बघितलंच नाही."

"मॅडम, देख लिया."

"वळण नाही, रिव्हर्स नाही, चढ नाही. मी मॉस्कोत चार वेळा नापास झालेय!"

साहेबांनी मला विचारलं, "ये क्या बोल रही हैं?" मी सांगितलं. साहेब खुर्चीत मागं रेलले. "बीस साल की नौकरी में पहली बार कोई पास होने पे लड़ रहा है. ठीक है, लो मॅडम, पूरा टेस्ट."

मैदान रिकामं होतं. पुढं काय झालं ते सांगायला नको. पहिल्याच वळणाला बाई झोकात उजवीकडे. साहेबांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, सामने से ट्रक आता तो?" बाई म्हणाल्या, "नापास?" साहेब म्हणाले, "और क्या." बाई माझ्याकडे वळून आनंदानं म्हणाल्या, "ह्याला म्हणतात परीक्षा!"

मलाही आनंद झाला. माझा वेगळा.

पुढच्या तारखेला पुन्हा तेच वळण, पुन्हा उजवीकडे. ह्या वेळी बाई हसल्या नाहीत. परतताना त्या गाडीपाशी आल्या, मागचं दार उघडलं आणि मागं बसल्या. वही नाही, शिसपेन नाही. मी आरशातून पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बायपासला लागल्यावर म्हणाल्या, "काका, आणखी एकदाच देते. नाही झालं तर सोडून देऊ. तुम्ही आहातच. मी मागं बसत जाईन."

तुम्ही म्हणाल, मग काय, माझी नोकरी पक्की झाली. झालीच होती. पण मी एकतीस वर्षं मागच्या सीटवर साहेबलोक बघितलेत. त्यांची ती जागाच असते. ह्या बाईंची नव्हती. त्या तिथं अशा बसल्या होत्या की कुणीतरी सामान ठेवून विसरून गेलंय. आणि खरी गोष्ट ही, की त्यांची चूक कशी सुटेल ते मला पंधरा दिवसांपासून कळलं होतं. मी बोललो नव्हतो. का ते वर लिहिलंच आहे.

बायपासच्या सर्व्हिस रोडला एका कडुलिंबाखाली गाडी घेतली आणि बंद केली. "बाई, पुढं या."

"कशाला?"

"या म्हणतो ना."

त्या पुढं आल्या. मी माझी उजवी बाही वर केली. "हा कोपर बघा. डाव्यापेक्षा काळा आहे की नाही? तीस वर्षं खिडकीत ठेवलेला. समोरून येणाऱ्या सगळ्या गाड्यांची धूळ ह्यानं खाल्लीय. म्हणजे रस्त्याचा मध्य ह्या बाजूला. आता सांगा, तुमच्या रशियात ड्रायव्हर कुठं बसतो?"

"डावीकडे."

"आणि मधली रेघ त्याच्या कुठल्या हाताला?"

बाईंनी डोळे मिटले. हातांनी हवेत स्टिअरिंग धरलं, जरा वळवलं. "डाव्या."

"म्हणजे त्याचाही खिडकीतला कोपर. मग डावं-उजवं डोक्यातून काढून टाका. मधली रेघ ड्रायव्हरची, फुटपाथ शेजारी बसलेल्याचा. इथंही तेच, तिथंही तेच. वळताना एवढंच बघायचं, की फुटपाथ काकांकडे आहे ना."

बाईंच्या कपाळावर आठी आली. मला वाटलं, चौथी शिकलेल्या माणसानं शिकवलं म्हणून राग आला. मग त्यांनी कानाची शिसपेन शोधली, ती नव्हती, माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि स्वतःच्या तळहातावर लिहिलं, 'फुटपाथ काकांचा.' लिहून झाल्यावर म्हणाल्या, "अठरा वर्षं मी त्या देशात गाडी चालवली. हे मला तिथंही कुणी सांगितलं नाही." आणि पेन परत देत, "तुम्हाला हे आज सुचलं?"

मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्या तारखेला बाईंनी आठ आकडा काढला, रिव्हर्स घेतला, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली. रिकाम्या वळणाला आल्या. मी शेडखाली उभा होतो, शेजारच्या सीटवर साहेबांचा माणूस. लांबूनही मला दिसलं, बाईंनी मान वळवून त्या माणसाकडे बघितलं, त्याच्या पलीकडचा चुन्याचा काठ बघितला आणि गाडी बरोबर डाव्या अंगानं नेली. साहेब उठून उभे राहिले. "मुबारक हो मॅडम! अब मत आना!"

परवाना पोस्टानं आला त्या दिवशी मी धुतलेला शर्ट घालून गेलो. चावी टेबलावर ठेवली. म्हटलं, "बाई, ठरल्याप्रमाणे." त्यांनी चहा ठेवला होता. मी बसलो नाही. मागायची सवय मला नाही, कधी नव्हती.

बाई म्हणाल्या, "काका, तुमची परीक्षा कुणी घेतली होती?"

"कसली परीक्षा? आमच्या पहिल्या साहेबांनी शिपाई पाठवून परवाना मागवला. मी त्या कचेरीचं दारही बघितलेलं नाही."

बाईंच्या हातातलं भांडं तिथंच थांबलं. "म्हणजे सात महिने मी बिनपरीक्षेच्या माणसाशेजारी बसले?"

"एकतीस वर्षं ओरखडा नाही, बाई!"

"ओरखडा न येणं म्हणजे पास होणं नव्हे. असा माणूस मी रस्त्यावर सोडून देणार नाही. सोमवारी सकाळी सात वाजता मी तुमची परीक्षा घेणार. पास झालात की मोकळे. तोवर ही नोकरी सोडता येणार नाही."

असा अपमान माझा कुणी केला नव्हता. रात्रभर झोप नाही. मी ठरवलं, पहिल्या झटक्यात पास होऊन बाईंच्या हातात वही ठेवून निघून जायचं. सोमवारी गेलो. बाईंनी मला गाडीबाहेर बाकावर मिनिटभर गप्प बसवलं. तिकडं म्हणे लांबच्या प्रवासाआधी सगळे असे बसतात. मग म्हणाल्या, "दावाय!" म्हणजे चला. सोसायटीच्या गेटपासून बायपासपर्यंत नि परत. अकरा चुका.

पुढच्या सोमवारी सात. मग पाच. बाकीचे दिवस जाताना बाई चालवायच्या आणि येताना मी. मी वही पाठ केली. झेब्रावर थांबलो, पिवळ्याला थांबलो, मागच्यांच्या शिव्या ऐकून घेतल्या, आणि कॅमेऱ्यात माझा एकही शब्द गेला नाही. दोन महिन्यांनी एकच चूक राहिली. बाईंनी 'नापास' लिहिलं, पण मला वाटलं, त्यांचा हात जरा जड झालाय.

त्याच्या पुढच्या सोमवारी मी निघालो तो तयारीनंच. सगळं बरोबर झालं, मलाच नवल वाटावं इतकं. बाई काही लिहीत नव्हत्या. वही मिटलेली, बोटं तिच्यावर. गेटच्या आधीचं शेवटचं वळण आलं. इथं वळण दाखवणाऱ्या दिव्याची दांडी ओढायची. हात दांडीवर होता. ओढली नाही. वळलो, आत आलो, गाडी लावली.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वही उघडली. 'नापास' लिहून खाली दोन रेघा मारल्या, शिसपेन कानाला लावली.

"फार अवघड परीक्षा आहे हो, काका."

"रशियाची आहे ना," मी म्हटलं, आणि प्लेट पुसायला उतरलो.